सहल सर्वांची व्हायची असेल तर

डिसेंबर उजाडला की आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर तीन कागद हमखास लागतात. एक स्नेहसंमेलनाचा, एक क्रीडास्पर्धांचा आणि एक सहलीचा. पहिल्या दोन कागदांपुढे गलका असतो. तिसऱ्या कागदापुढे मात्र क्षणभर सारे गप्प होतात. कारण वाचणाऱ्याची नजर आधी ठिकाणाच्या नावावर जात नाही. ती सरळ तळाशी लिहिलेल्या आकड्यावर जाते. तो आकडा परवडणारा असेल तर मग ठिकाण वाचायचे, नाही तर काही वाचलेच नाही अशा चेहऱ्याने वर्गात जाऊन बसायचे.

गेल्या वर्षी आमच्या वर्गात आम्ही बासष्ट जण होतो. सहलीला गेले तेवीस. उरलेल्या एकोणचाळीस जणांची कारणे ऐकण्यासारखी होती. कुणाच्या घरी पाहुणे येणार होते, कुणाला गाडी लागते, कुणाच्या मामाकडे जत्रा होती, तर कुणाला ऐन वेळी कणकण आली. 'पैसे नाहीत' हे दोन साधे शब्द एकानेही उच्चारले नाहीत. मित्रहो, हे असे का व्हावे? आजारपण सांगताना माणसाला लाज वाटत नाही आणि गरिबी सांगताना मात्र जीभ अडखळते. मी त्या एकोणचाळिसांतली एक आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजते.

जे तेवीस गेले ते तरी काय पाहून आले? दोन दिवसांत नऊ 'पॉइंट'. एका खासगी गाडीवाल्याने छापील कागद दिला आणि त्या कागदाप्रमाणे गाडी पळत राहिली. किल्ल्यावर चाळीस मिनिटे, पाण्याच्या घसरगुंड्यांवर तीन तास. परत आल्यावर एका मैत्रिणीला मी विचारले, ''त्या गावातली माणसे कशी असतात ग? काय करतात?'' ती म्हणाली, ''अगं, माणसे बघायला वेळ कुणाला होता!'' हे तिने हसून सांगितले, पण मला ते लागून राहिले. घर सोडून तीनशे किलोमीटर जायचे आणि माणसे न पाहता परत यायचे, याला सहल म्हणावे की वाहतूक?

यंदा मालवणला जावे असा विचार पुढे आला आहे. मालवण हे नाव मला मनापासून आवडले. परंतु ठिकाण चांगले असून भागत नाही, बेत चांगला असावा लागतो. आणि बेत गाडीवाल्याने नव्हे, आपण आखावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सहल ठरवणे हेच सहलीचे निम्मे शिक्षण आहे. नकाशा काढणे, दिवस निवडणे, हिशेब मांडणे, पत्र लिहिणे, चार ठिकाणी चौकशी करणे ही कामे पदवीनंतर आयुष्यभर करायची आहेत. ती आपण पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतो आणि त्यालाच शैक्षणिक सहल म्हणतो!

मालवणच का, हे आधी सांगते. आपण जतकडची माणसे. आपल्या भागात पाणी म्हटले की डोळ्यांपुढे टँकर येतो. टँकरमागे धावणाऱ्या घागरी पाहत वाढलेल्या मुलामुलींनी एकदा तरी क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहावे, यात चैन नाही. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक जणांनी समुद्र पाहिला आहे तो पडद्यावर. भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटीवर दहा गुणांचे उत्तर मात्र सर्वांनी लिहिले आहे. मिरज, कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट उतरून कणकवली, हा रस्ताच एक पाठ आहे. सकाळी कोरडी बाभळीची माळराने, दुपारी उसाचे हिरवे पट्टे, पुढे दाजीपूरचे गव्यांचे जंगल आणि घाट उतरताच माड-पोफळी. एका दिवसात महाराष्ट्राची तीन रूपे डोळ्यांखालून जातात. अशा वेळी गाडीत पडदे ओढून मोठ्याने गाणी लावणे म्हणजे उघड्या पुस्तकावर डोके ठेवून झोपणे होय.

आता दिवस कोणता निवडावा? आपण सोयीची सुट्टी पाहतो आणि मोकळे होतो. समुद्राकाठच्या गावी जाताना मात्र आणखी एका वेळापत्रकाला विचारावे लागते, आणि ते आकाशात असते. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी असते. हा अर्थात अंदाज झाला; नेमकी वेळ तेथील नावाड्यांनाच विचारावी. पण गंमत पाहा. माझ्या आईला शाळा माहीत नाही. इंग्रजी तारीख तिला विचारावी लागते, पण आज तिथी कोणती हे ती चंद्राकडे पाहून सांगते. तिने समुद्र पाहिलेला नाही, तरीही मालवणला आज भरती किती वाजता येईल हे ती सांगू शकते. घरातील अडाणी म्हटलेल्या ज्ञानाचा असा उपयोग होतो हे मला या बेताने शिकवले.

पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी फार चढते आणि तितक्याच ओढीने उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढ-उतार कमी असतो. तेव्हा नवख्या लोकांनी अष्टमीच्या मागेपुढेच जावे. त्या दिवसांत सकाळी सहाच्या भरतीनंतर दुपारपर्यंत पाणी उतरत असते. त्या वेळेत किल्ला पाहावा. दुपारनंतर पाणी चढू लागते. संध्याकाळी किनाऱ्यावर घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहावे आणि सूर्यास्त पाहावा. याहून पुढे जायचे नाही.

पुढे जायचे नाही हे मी कुणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर गेले. ती आपल्याच वयाची मुले होती. कुणी पहिल्यांदाच समुद्र पाहत असेल, कुणाला हाक मारून मागे बोलावलेही असेल. विहिरीत पोहणाऱ्याला वाटते आपल्याला पाणी कळते. पण विहिरीचे पाणी जागच्या जागी असते, समुद्राचे पाणी माणसाला घेऊन जाते. म्हणून बेत आखताना पहिली ओळ ही असावी की किनाऱ्यावर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, आणि ओहोटीच्या वेळी तर मुळीच नाही. दर दहा जणांमागे एक जबाबदार विद्यार्थी नेमावा. सगळा भार एकट्या सरांवर आणि मॅडमवर टाकून आपण मोकळे होणे बरोबर नाही.

मालवणात पाहायचे काय? पहिला अर्थात सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये काम पुरे झाले. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे बेट आणि भोवती सुमारे तीन किलोमीटरचा नागमोडी तट. दरवाजा असा लपवलेला की होडीतून जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हा एक आहे. हे सारे मार्गदर्शक सांगेलच. मला स्वतःला पाहायच्या आहेत त्या तेथील तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध या गोड्या पाण्याच्या विहिरी. ज्या राजाने समुद्रात किल्ला बांधताना आधी पिण्याच्या पाण्याची जागा हेरली, त्याचे मोठेपण आपल्या दुष्काळी तालुक्याला जितके कळेल तितके कुणाला कळणार? चाळीस मिनिटांत त्या विहिरींपर्यंत पोचताही येत नाही. किल्ल्याला निदान तीन तास द्यावेत.

दुसरी गोष्ट रापण. ही कोणत्याच छापील कागदावर 'पॉइंट' म्हणून नसते. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. एकट्या-दुकट्याचे हे काम नव्हे, तीस-चाळीस हात लागतात. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरचे, ओढणे सर्वांचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि पट्टा पडेपर्यंत ती टनावारी फेडायची. फडात राबणारे हात आणि जाळे ओढणारे हात सारखेच. मग एकीकडे वाटा आणि दुसरीकडे उचल, असे का झाले असावे? या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप पुस्तकात मिळालेले नाही. रापणीच्या काठावर उभे राहून तेथील एखाद्या आजोबांना विचारले तर कदाचित निम्मे उत्तर मिळेल.

मात्र रापण म्हणजे सुखाचे चित्र आहे असेही समजू नये. मोठ्या यांत्रिक नौकांनी आणि पर्ससीन जाळ्यांनी मासळी खोल पाण्यातच उचलली की किनाऱ्याला काय उरणार, हा तेथील पारंपरिक मच्छिमारांचा जुना झगडा आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तरी वाद मिटला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेवढे दिवस घर कसे चालते, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. १९८७ पासून मालवणचा काही समुद्र सागरी अभयारण्य आहे. पाण्याखाली प्रवाळ आहेत आणि ते दाखवणारे पाणबुडेही आहेत. ज्यांना परवडेल त्यांनी ते पुढे केव्हातरी जरूर पाहावे. वर्गाच्या सहलीत मात्र असे काही नको की ज्यासाठी काहींनी पाण्यात उतरायचे आणि बाकीच्यांनी काठावर त्यांच्या चपला सांभाळायच्या.

तिसरी गोष्ट भाषा. आपल्या तालुक्यात घरी कानडी आणि वर्गात मराठी असणारे कितीतरी जण आहेत. बोलताना एखादा शब्द चुकला की वर्ग हसतो. मालवणात लोक घरीदारी मालवणी बोलतात आणि तिची लाज बाळगत नाहीत. उलट १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि त्याच मालवणीवर साऱ्या महाराष्ट्राने प्रेम केले. कार्तिकापासून तेथे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. आपल्या मुक्कामाच्या रात्री जवळपास जत्रा असेल तर त्याहून चांगला कार्यक्रम नाही. जाण्यापूर्वी ग्रंथालयातून पुस्तके काढावीत. चिं. त्र्यं. खानोलकर आणि जयवंत दळवी याच जिल्ह्यातले. वि. स. खांडेकर तर आपल्या सांगलीत १८९८ मध्ये जन्मले आणि १९२० मध्ये शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले. जवळजवळ अठरा वर्षे तेथे राहिले. आपल्याकडचा एक माणूस दोन दिवसांसाठी नव्हे, उमेदीच्या सगळ्या वर्षांसाठी त्या किनाऱ्यावर गेला होता हे ठाऊक असले म्हणजे ते गाव परके वाटत नाही. मराठीच्या सरांनी सहलीपूर्वी एक तास या विषयावर घ्यावा, अशी विनंती करते.

येताना कणकवलीजवळ वागद्याचा गोपुरी आश्रम पाहावा. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये तो स्थापन केला. हा सुशिक्षित मनुष्य हातात झाडू घेऊन भंगीकाम करीत असे आणि चांगले संडास कसे बांधावेत यावर प्रयोग करीत असे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सहलीत मुलींची खरी अडचण जी असते ती कुणी बोलत नाही. वाटेत गाडी कुठे थांबणार, तेथे स्वच्छ आणि बंद दाराचे संडास आहेत का, हे कोणत्याही बेतात लिहिलेले नसते. परिणामी मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तीनशे किलोमीटर तहान मारून बसलेल्या मुलीला घाटातील धबधब्याचे काय कौतुक वाटणार? थांब्यांची यादी करताना मुलींना विचारा, एवढेच मागणे आहे.

आता पैशाचा मुद्दा. मार्च २०२३ पासून एसटीच्या नेहमीच्या फेऱ्यांत महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे खासगी गाडी ठरवल्याबरोबर वर्गातील सर्व मुलींची सवलत आपण आपल्या हाताने फेकून देतो. गटाने आगाऊ आरक्षण करून एसटीने गेलो तर ती सवलत मिळते. माझे तर म्हणणे आहे की सर्वांच्या तिकिटांची एकत्र बेरीज करावी आणि ती सारखी वाटून घ्यावी, म्हणजे मुलींच्या सवलतीचा लाभ मुलांनाही होईल. त्याबद्दल त्यांनी आमच्या पिशव्या उचलाव्यात! बासष्ट जण एका गाडीत मावणार नाहीत हे खरे. पण अष्टमी महिन्यातून दोनदा येते. एक तुकडी शुद्ध अष्टमीच्या सुमारास, दुसरी पंधरवड्याने वद्य अष्टमीच्या सुमारास, जवळचा शनिवार-रविवार धरून जावी. पहिल्या तुकडीने कुठे काय चुकले ते दुसरीला सांगावे. राहायला मोठे हॉटेल नको. शाळेचे सभागृह किंवा साधे घरगुती 'निवास व न्याहारी' पुरे. पहिल्या दिवसाची शिदोरी घरची. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी दोन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी एक जेवण मात्र तेथलेच जेवावे, कारण सोलकढी न पिता मालवणहून येणे म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस न पाहता येणे.

आणि हे सारे पैसे डिसेंबरात एकदम मागू नयेत. आपल्या आया-बहिणी गावात भिशी चालवतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना सही करता येत नाही, तरी एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. आपण तर पदवीचे विद्यार्थी! जुलैत प्रवेश झाला की वर्गाची सहल-भिशी सुरू करावी. ज्याला जमेल तेवढे दरमहा टाकावे, हिशेब फलकावर लावावा. कुणाला फी माफ करा असे मी म्हणत नाही. माफी मागावी लागली की ती सहल राहत नाही, उपकार होतो. वर्गणीच अशी ठेवावी की माफी मागण्याची पाळी कुणावर येऊ नये. वर्गातल्या सर्वांत हलक्या खिशाचा अंदाज घेऊन बेत आखायचा, उरलेल्यांनी त्याला जुळवून घ्यायचे. याउलट चालले तर काय होते ते बासष्टातल्या तेवीसांनी दाखवलेच आहे.

एक अडचण पैशाहूनही कठीण आहे, आणि ती संमतिपत्राची. सहलीच्या अर्जावर पालकांची सही लागते. डिसेंबरात आमच्यासारख्यांचे पालक असतात कुठे? दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्यावर, कोपीत. घरी असते आजी. गेल्या वर्षी आमच्याच वर्गातील एका मुलीने पैशाची जुळणी केली होती. आजीने अर्जावर अंगठा उठवून दिला. कार्यालयाने तो घेतला नाही, वडिलांचीच सही हवी म्हणाले. नियम मोडा असे मी सुचवत नाही. मुलीची जबाबदारी मोठी असते हे मलाही समजते. पण नियम पाळण्याचीही एक वेळ असते. हाच अर्ज ऑक्टोबरात, टोळ्या निघण्यापूर्वी दिला तर सही मिळते, आई-वडिलांना बेत समजावून सांगता येतो. 'कुठे जाणार, कोण बरोबर, कुठे राहणार, परत केव्हा' हे चार प्रश्न प्रत्येक आई विचारते. चारांची उत्तरे असलेला कागद हातात असला म्हणजे 'नको' म्हणणारी आईही विचारात पडते. आमच्या घरातून आजवर कुणीही देवदर्शन, लग्न, मयत आणि ऊसतोड यांखेरीज गाव सोडलेले नाही. नुसते पाहण्यासाठी, शिकण्यासाठी गाव सोडायचे असते ही गोष्टच नवी आहे. ती पटवायला दोन महिने लागणारच.

कुणी म्हणेल, सहल म्हणजे मौज. तिला तुम्ही परीक्षा कशाला करता? उत्तर असे की मौज मलाही हवी आहे. एसटीच्या मागच्या बाकावर बसून भेंड्या खेळायच्या आहेत, वाळूत नाव लिहायचे आहे. परंतु वर्गातील निम्मी बाके रिकामी ठेवून केलेली मौज मला अर्धीच वाटते. कुणी म्हणेल, गोवाच का नको, आणखी थोडे पुढे तर जायचे. गोव्याशी माझे वैर नाही. पण दोन दिवसांत दोन गावे पाहणारा एकही गाव पाहत नाही. आणि वडीलधारी प्राध्यापक मंडळी म्हणतील, विद्यार्थ्यांच्या हाती बेत दिला आणि काही बरेवाईट झाले तर? त्यांना माझे नम्र सांगणे आहे की आपण बेत तपासा, खोडा, दुरुस्त करा. शेवटची सही आपलीच असू द्या. पण पेन्सिल आमच्या हाती द्या. ज्याने भरतीची वेळ स्वतः काढली आहे तो पाण्यात उतरताना दोनदा विचार करील. ज्याला ती केवळ सूचना म्हणून ऐकवली तो कदाचित करणार नाही.

म्हणून माझ्या सूचना थोडक्यात मांडते. सहलीची समिती जुलैत नेमावी आणि तीत मुलींची संख्या निम्मी असावी. भिशी त्याच महिन्यात सुरू व्हावी. संमतिपत्रे ऑक्टोबरात, टोळ्या निघण्यापूर्वी गोळा करावीत. एसटीच्या डेपोत आणि मालवणला मुक्कामाच्या ठिकाणी आगाऊ लेखी चौकशी करावी. तिथी पाहून दोन तुकड्यांचे दिवस ठरवावेत. आणि जाण्यापूर्वी कितीजण येत नाहीत व का, याची चौकशी वर्गप्रतिनिधीने एकेकाला बाजूला घेऊन, हलक्या आवाजात करावी. चारचौघांत नाव पुकारून नव्हे.

आपले महाविद्यालय या भागात आले तेव्हा ते कुणाच्या एकट्याच्या मुलांसाठी आले नव्हते. ज्या घरात पहिल्यांदाच पुस्तक शिरले त्या घरातील मुलेमुली इथे येतात. वर्गाचे दार त्यांना उघडे झाले आहे. सहलीच्या गाडीचेही होऊ द्या. पुढच्या अंकात कुणीतरी मालवणचे प्रवासवर्णन लिहील. ते लिहिणाऱ्याला 'आम्ही सर्व' हा शब्द खरेपणाने लिहिता यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला